करड्या कुर्त्यातल्या बाई

बाईंच्या वर्गात 'छान' म्हणायला बंदी होती. 'सुंदर' म्हणणं तर त्याहून मोठा गुन्हा. कुणाच्या तोंडून चुकून निघालंच, तर बाई हातातला खडू खाली ठेवायच्या आणि त्या मुलीकडे बघत राहायच्या.

"छान म्हणजे काय? कुठे छान? रेषा छान आहे, रंग छान आहे, की पोत? की तुला भूक लागलीये म्हणून आत्ता सगळंच छान वाटतंय?"

दादरला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची संस्था होती. खाली छत्र्यांचं दुकान, वर आम्ही फॅशन डिझाइन शिकणाऱ्या मुली आणि दोन मुलगे. आम्हाला वाटलं होतं, पहिल्या दिवसापासून घोळदार गाऊन काढायला मिळतील. बाईंनी पहिलं अख्खं सत्र आम्हाला एकाही कपड्याचं चित्र काढू दिलं नाही. रेषा काढा म्हणाल्या. उभी, आडवी, तिरकी, वळणदार. कागदावर काढून झाल्या, की रस्त्यावर शोधायला पाठवायच्या.

बाईंना नावं लक्षात राहायची नाहीत, किंवा त्या ठेवायच्या नाहीत. पहिल्या दिवशी जो जे घालून आला, ते त्याचं कायमचं नाव. एक होती 'पोलका', एक 'चौकडी', एक मुलगा 'मळका पांढरा'. मी त्या दिवशी निळ्या पट्ट्यांचा टॉप घातला होता. "आडव्या पट्ट्या, तू पुढे बस," बाई म्हणाल्या, आणि पुढे सगळा कोर्स मी आडव्या पट्ट्या होते. आजही त्यांना फोन केला, की नाव सांगून उपयोग होत नाही. आडव्या पट्ट्या म्हटलं, की लगेच आवाज बदलतो.

स्वतः बाई रोज करडा कुर्ता घालायच्या. उन्हाळा असो, परीक्षा असो, संस्थेत कोणी मोठा पाहुणा येणार असो, करडाच. कारण विचारलं तर म्हणायच्या, "मी फळा आहे. फळ्यावर आधीच काही लिहिलेलं नसावं."

आणि त्या खरोखरच स्वतःला फळ्यासारखं वापरायच्या. बाई बुटक्या आणि रुंद. प्रमाण शिकवायच्या दिवशी वर्गासमोर सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बघा नीट. धड लांब, पाय आखूड, कंबर जवळपास नाहीच. लाजू नका, मी लाजत नाहीये." मग एक लाल फीत घेऊन त्यांनी ती स्वतःच्या कमरेला बांधली. मग जरा वर, छातीच्या खाली. मग खाली, मांड्यांवर. दर वेळी विचारायच्या, "आता मी उंच झाले की आणखी बुटकी? मला कुठे कापलंत?" सुरुवातीला आम्ही हसलो. थोड्या वेळाने हसायचं विसरलो, कारण एका फितीने माणूस खरंच उंच आणि बुटका होत होता. आपल्या अंगाबद्दल इतक्या सहज बोलणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या घरात तेव्हा अंग हा विषयच बंद झाला होता. त्याबद्दल पुढे सांगते.

आकार शिकवायला त्या आम्हाला परळच्या पुलाखाली घेऊन गेल्या. "डोळे किलकिले करा. समोरचा माणूस ओळखू येणार नाही, इतके. आता त्याचे नाक-डोळे गेले, बटणं गेली, रंग गेला. जे उरलं, तो आकार." आम्ही सगळे पुलाखाली रांगेत डोळे बारीक करून उभे. समोरून येणारी माणसं आमच्याकडे बघत बाजूने निघून जात होती. शेवटी एक ट्रॅफिक हवालदार आला. "मॅडम, काय प्रॉब्लेम आहे? डोळे आले का सगळ्यांचे?" बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचा आकार उत्तम आहे. फक्त पट्टा दोन बोटं वर घ्या." तो खरंच पट्टा वर ओढून गेला.

लय शिकवायची होती तेव्हा त्यांच्या गिरगावातल्या वाडीत नेलं. बाई तिथे भावाच्या कुटुंबासोबत राहत. घराणं जुनं, वाडवडील कुठल्याशा साहेबाच्या कचेरीत कारकून, घरात सगळे शुद्ध बोलणारे. बाईंनी आम्हाला घरात नेलं नाही, समोरच्या चाळीच्या अंगणात उभं केलं. "तो कठडा बघा. एकसारखे लाकडी गज. एक, एक, एक, एक. ही पुनरावृत्ती. नजर कशी घसरत पुढे जाते? आता तिसऱ्या मजल्यावर तो लाल टॉवेल वाळत घातलाय. नजर थांबली? हा उठाव." आम्ही सगळे माना वर करून टॉवेलाकडे बघत असताना टॉवेलवाल्या बाई बाहेर आल्या. "काय गं, काही पडलं का खाली?"

"नाही हो, टॉवेल तेवढा काढू नका. तास संपेपर्यंत राहू दे," बाई खालून ओरडल्या.

त्या कठोरही होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्षअखेरच्या शोसाठी पोलकाने एक घागरा केला होता. आरसे, मणी, लेस, जर, गोंडे, जे मिळेल ते सगळं लावलेलं. तिने त्यावर जीव ओतला होता. बाईंनी एक पांढरा कागद घेतला आणि एकेका गोष्टीवर ठेवत गेल्या. "हे झाकलं. काही बिघडलं?" पोलका म्हणाली, नाही. "हे?" नाही. असं करत करत शेवटी कागद ओटीपोटाजवळच्या एका आरशांच्या पट्टीवर आला आणि पोलका रडत रडत म्हणाली, "ती नका झाकू बाई, ती पाहिजे." बाईंनी कागद काढून घेतला. "मग तुझा घागरा एवढाच आहे. बाकीचं सगळं तुला भीती वाटत होती म्हणून लावलंस." पोलका दोन दिवस वर्गात आली नाही. त्यावर संस्थेच्या ऑफिसात तक्रारही गेली. बाईंनी माफी मागितली नाही, पण पोलकाच्या घरी जाऊन तिच्याबरोबर बसून सगळे मणी उसवले. तोच घागरा पुढे पोलकाने स्वतःच्या साखरपुड्याला घातला.

आता आईबद्दल.

आम्ही काळाचौकीच्या चाळीत राहायचो. मूळचे मालवणकडचे. बाबांची गिरणी मी जन्मायच्या आधीच बंद पडलेली, ते एका ऑफिसात शिपाई म्हणून निवृत्त झाले. आई म्हणजे चाळीतला मोठा आवाज. गौरीच्या रात्री फुगडीला पहिली उभी राहणारी, मंडळाच्या महाप्रसादाला बटाट्याच्या भाजीचं मीठ हीच चाखणार. मी कोर्सला लागले त्याच्या आदल्या वर्षी तिच्या उजव्या स्तनाला गाठ निघाली. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, स्तन काढला, पुढचे सगळे उपचार झाले, केस गेले आणि परत आले. डॉक्टर म्हणाले, बरं झालं. आई बरी झाली, पण दाराबाहेर पडेना. दिवसभर ढगळ गाऊन, त्यावर कडक उन्हाळ्यातही ओढणी. उजवा हात सुजलेला असायचा, जुन्या ब्लाउजच्या बाहीत जायचा नाही. मी अंघोळीच्या पाण्याची बादली ठेवायला गेले तरी आतून कडी लावायची. तिने मला कधी काही दाखवलं नाही, मी विचारलं नाही.

अशात दादाचं लग्न ठरलं. आईने जाहीर करून टाकलं, "वरमाय म्हणान काकू उभी रवात. मी मागे बसतलंय." वरमाय म्हणजे लग्नात सगळ्यांच्या पुढे. विहिणी भेटणार तिला, ओटी भरणार तिची, फोटो काढणार तिचे. दादा रडकुंडीला आला. काकूही म्हणाली, "वैनी, असां काय करतास?" आई ऐकेना.

त्याच आठवड्यात बाईंनी वर्गात काम दिलं. "घरातल्या कुणाला तरी न बसणारा एक कपडा आणा. का बसत नाही ते कपड्यावरून सांगायचं." मी आईचा एक जुना ब्लाउज घेऊन गेले. का तोच घेतला, सांगता येणार नाही. माझी पाळी आली तेव्हा मी तो टेबलावर ठेवला आणि मागे सरले.

बाईंनी तो उलगडला. उजव्या काखेतली शिवण उसवून पुन्हा घातलेली होती, पुन्हा उसवलेली होती. उजव्या बाजूच्या कापडावर आडव्या चुण्या पडून पक्क्या झाल्या होत्या. बाई बराच वेळ त्यावर हात फिरवत राहिल्या. मग वर्गाला म्हणाल्या, "चहाला जा सगळे." सगळे गेल्यावर मला विचारलं, "आडव्या पट्ट्या, कोणाचा आहे?"

मी सांगितलं. वरमायचंही सांगितलं.

"मी कधी येऊ?"

"नको बाई. आई कुणाला भेटत नाही."

"मी भेटायला कुठे येतेय? मापं घ्यायला येतेय."

रविवारी सकाळी बाई आमच्या दारात उभ्या. तोच करडा कुर्ता. आई ओट्याशी होती, दचकून तिने ओढणी सारखी केली. बाई आत न येता उंबऱ्यातच थांबल्या आणि डोळे किलकिले करून तिच्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं.

"काय बघतास?" आईने विचारलं.

"तुमच्या खांद्यांची रेषा. फार सरळ आहे हो. आणि मान लांब आहे. वर्गात मी मुलींना चित्रात काढून दाखवते तशी."

ऑपरेशननंतर जो कोणी आमच्या घरात आला होता, त्याने एकतर तिच्या छातीकडे बघितलं होतं किंवा मुद्दाम दुसरीकडे बघितलं होतं. तिच्या खांद्यांकडे कुणी बघितलं नव्हतं.

"आणि जां नाय तां?" शेवटी आई म्हणाली.

"ते तुम्ही दाखवलंत तर बघेन. नाही दाखवलंत तर अंदाजाने शिवू. पण अंदाजाने शिवलेला ब्लाउज कसा बसतो, ते तुम्हाला माहीतच आहे."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा चपला घालून खाली गेले. आईने दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि ओढणी काढून ठेवली. बाईंनी मापाची टेप पर्समधून काढली आणि माझ्या हातात दिली. "माप तू घ्यायचं. मी फक्त बघणार."

आईच्या उजवीकडे सपाट कातडी होती आणि काखेपर्यंत गेलेली एक तिरकी खूण. मी टेप लावली तशी आई म्हणाली, "थंड आसा गे ती." मी टेप तळहातात धरून गरम केली आणि पुन्हा लावली. आम्ही दोघीही रडलो नाही. बाई मागून आकडे विचारत होत्या, "डावा दंड? उजवा दंड? काखेपासून कमरेपर्यंत डावीकडे किती? उजवीकडे?" जसं काही आम्ही पडद्याची मापं घेतोय. तेच बरं होतं.

पहिला ब्लाउज मी आपल्या मनाने शिवला. डाव्या बाजूसारखीच उजवी केली, आत कापूस भरला. उभी राहिल्यावर आई बरी दिसली. तिने ओवाळायला उचलावा तसा हात वर केला आणि उजवी बाजू सरकून थेट गळ्यापाशी आली. आईने तो तिथल्या तिथे काढून टाकला. "सोड गे बाय. काकूकच सांग." आणि त्या दिवशी मात्र ती रडली.

मी तो ब्लाउज घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी मला रागावलं नाही. माझ्या उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली दिली आणि आरशासमोर उभं केलं. "बघ स्वतःकडे. अंग कुठे झुकलं? डावीकडे. तू पडलीस का? नाही. दोन्ही बाजू सारख्या आहेत का? नाहीत. तरी तोल आहे. तुला मी हे वर्गात शिकवलं होतं, सारखेपणा हा तोलाचा एकच प्रकार आहे. तू डावीकडे बघून उजवीकडे नक्कल काढलीस. उजवी बाजू स्वतः काय करते, ते बघितलंच नाहीस. तिथे वजन नाही, म्हणून कापड उडतं."

पुढच्या रविवारी बाई पुन्हा आमच्या घरी. तिघी जमिनीवर बसलो. बाई आईला म्हणाल्या, "वजन हवं आहे. पण टोचायला नको, कडक नको, आणि तुम्ही हललात की तेही तुमच्याबरोबर हललं पाहिजे. काय भरू या?"

"तांदूळ?" मी म्हटलं.

"तांदळाक किडे होतत," आई म्हणाली. थोडा वेळ विचार केला, मग उठली आणि मिसळणाच्या डब्यांमागून मोहरीचा डबा घेऊन आली. मूठभर मोहरी तळहातावर घेऊन तिने ती इकडून तिकडे सरकवून पाहिली. "ही बघा. पाण्यासारखी पळता."

बाईंचे डोळे चमकले. "आई, तुम्ही माझ्या वर्गात का नव्हतात?"

मग मऊ मलमलची पिशवी केली, तिच्यात मोहरी, वर कापसाचा थर. ती ब्लाउजच्या आतल्या खिशात बसायची, रात्री काढून ठेवता यायची. सुजलेल्या हातासाठी काखेत कापडाचा एक चौकोनी तुकडा जोडला, म्हणजे बाही बाहेरून दोन्हीकडे सारखी, पण उजवीकडे आतून ऐसपैस. आई अंगावर घालून हसत सुटली. "मोहरी फोडणीक घालतत गे बाये, ती तू हय खंय घातलंस!" किती महिन्यांनी तिचा तो आवाज गॅलरीत गेला. शेजारच्या वहिनी दारातून डोकावल्या.

रंगावरून मात्र दोघींचं भांडण झालं. साडी मोरपिशी होती. आईला त्यावर काळपट तपकिरी ब्लाउज हवा होता. "कोणाचा लक्ष जावक नको."

"लक्ष जाणारच," बाई म्हणाल्या. "लग्नात वरमायकडे लोक बघणारच. ते थांबवणं आपल्या हातात नाही. कुठे बघायचं, ते मात्र आपण ठरवू शकतो." त्यांनी डाळिंबी रंगाचं कापड आईच्या गालाशी धरलं आणि साडीचा रुंद काठ गळ्याभोवती. "सगळी नजर इथे आणायची. मानेशी, चेहऱ्याशी. त्यासाठी काठ फक्त गळ्याला. बाह्यांना नाही, पाठीला नाही." आई आरशात बघत राहिली. तिने तपकिरी कापडाची घडी घातली आणि परत पिशवीत ठेवली.

आज माझं परळला एक छोटंसं दुकान आहे. हॉस्पिटलातून बाहेर पडलेल्या बायका येतात, काही ओढणी घट्ट धरून, काही नवऱ्याला बाहेर उभं करून. मी त्यांच्या खांद्यांकडे बघते, मानेकडे बघते, मगच टेप काढते. आणि टेप आधी तळहातात धरते. उद्घाटनाला बाई आल्या, तेव्हा पाटीवर मी 'सुंदर दिसण्याचा हक्क' असं लिहून घेतलं होतं. बाई पाटी वाचून दारातूनच परत फिरल्या. मी पाटी बदलली, मग आल्या आणि दोन पेढे खाल्ले. आता त्या शिकवत नाहीत. गिरगावात असतात, गुडघे दुखतात, भाचीने दिलेला फोन त्यांना आवडत नाही. महिन्यातून एकदा मी जाते. मी त्यांना गुरुदक्षिणा, उपकार असलं काही बोलायला गेले, की त्या विचारतात, "उजव्या काखेतला तुकडा तू अजून सरळ धाग्यावर कापतेस की तिरक्या?" मी म्हणते, तिरक्या. "मग झालं तर."

दादाचं लग्न लालबागच्या एका हॉलमध्ये झालं. आई सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. मोरपिशी साडी, डाळिंबी ब्लाउज, गळ्याशी काठ. विहिणीला तिने हात पसरून मिठी मारली आणि ब्लाउज जागचा हलला नाही. फोटोवाल्याने सगळ्यांना डावीकडून घ्यायला सुरुवात केली, तर आई त्याला म्हणाली, "हयसून पण काढ रे," आणि उजवी बाजू पुढे करून उभी राहिली.

अक्षता पडल्या. पंगती सुरू झाल्या. तेवढ्यात नवरीची एक आत्या माझ्या आईपाशी आली. मघापासून मी तिला पाहत होते, एवढ्या गरमीत अंगाभोवती शाल घेऊन कोपऱ्यात बसली होती. ती आईच्या कानाशी काहीतरी म्हणाली. आईने तिच्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं आणि तिचा हात धरून तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेली. कडी लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आतून आईचा आवाज, "भिया नको गे, हात लावन बघ. मोहरी आसा ती, मोहरी!" आणि मग दोघींचं हसणं.

बाई जिलबीची ताटली घेऊन माझ्यापाशी आल्या. करडा कुर्ताच. काकू त्यांच्याकडे केव्हाची संशयाने बघत होती. "तुझी आई कुठाय?"

मी बंद दाराकडे बोट केलं आणि सांगितलं. बाईंनी दाराला कान लावला. मग ताटली माझ्या हातात दिली, एक खुर्ची ओढून बरोबर दारासमोर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. बाई रुंद होत्या, सगळं दार झाकलं गेलं.

तिकडे सूनमुखाची तयारी झाली होती. आरसा आला, नवरी येऊन बसली, भटजी घड्याळ बघायला लागले. काकू धावत आली, तिच्यामागे दादाचे मित्र, मागे फोटोवाला. "वरमाय खंय? चला लवकर, सगळे खोळंबलेत. बाई, उठा, दार उघडा."

बाई हलल्या नाहीत.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "आत तास चालू आहे."